फवारणीची वही, तीन फेऱ्या आणि 'यात संशोधन कुठंय?'

येरळाकाठ | रविवार, रात्री १०:१२

मंडळी, धागा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते. चहा घेऊन बसा.

मी सांगलीत एका कॉलेजात शिकवते आणि सोबत पीएचडीचं काम चालू आहे. विषय असा: द्राक्षबागेतल्या फवारण्यांची नोंद ठेवायला मोबाईलवर काहीतरी बनवायचं आणि ते खरंच कामाला येतं का ते तपासायचं. पद्धतीचं नाव डिझाइन सायन्स रिसर्च. मराठीत 'अभिकल्प विज्ञान' म्हणा असं एकानं सुचवलं, पण तो शब्द काढला की मामा उठून गोठ्यात जातो. म्हणून घरी मी 'करून बघायचं, फसलं की का फसलं ते लिहायचं, परत करायचं' एवढंच सांगते.

बाहेरगावच्यांसाठी थोडं. आमच्या तासगाव-पलूस-मिरज पट्ट्यात फळछाटणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात. मग परतीचा पाऊस गाठतो, नाहीतर अवकाळी. दावण्या, करपा, पुढं थंडीत भुरी, एकामागोमाग रोग. औषध मारणं काही थांबत नाही. प्रत्येक औषधाला काढणीपूर्व कालावधी असतो, म्हणजे ते मारल्यावर किती दिवस घड तोडायचा नाही. युरोपला माल पाठवायचा तर बागेची नोंदणी, फवारण्यांची वही आणि प्रयोगशाळेत मालात उरलेल्या औषधाच्या अंशांची तपासणी, तिन्ही लागतं. २०१० साली सीसीसीच्या, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या अंशांपायी युरोपात आपली द्राक्षं अडकली होती. तेव्हापासून 'रेसिड्यू' (म्हणजे हेच अंश) हा शब्द आमच्या गावात शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे.

पहिली फेरी. छापील वही समोर ठेवली आणि तशीच्या तशी मोबाईलवर उतरवली. चौदा रकाने. औषध, त्यातला घटक, कंपनी, बॅच नंबर, प्रमाण, पाणी, पंप, कारण, हवामान, मारणाऱ्याचं नाव... तारखेला सुंदर कॅलेंडर. मामाच्या सोप्यात नऊ बागायतदार जमवले, पोहे झाले, शिकवून झालं, आणि सगळे म्हणाले, "भारी झालंय मॅडम."

मग मी दहा वाक्यांची ती प्रसिद्ध प्रश्नावली दिली, सिस्टिम युजेबिलिटी स्केल. जॉन ब्रुकनं १९८६ साली केलेली, जगभर वापरतात. त्यात एक वाक्य स्तुतीचं, पुढचं तक्रारीचं, असं आलटून पालटून असतं आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण द्यायचे. शेवटी ० ते १०० मधला आकडा निघतो, सरासरी ६८ च्या आसपास धरतात. तिघांचा आकडा बरोब्बर ५० आला. कागद बघितले तर तिघांनी दहाही वाक्यांना पाच दिले होते! स्तुतीलाही पाच, 'उगाच किचकट आहे' यालाही पाच. हिशोबात ते एकमेकांना खातात आणि ५० उरतात. मी म्हटलं, भाषेचा घोळ आहे. पुढच्या खेपेला वाक्यं आपल्या बोलीत वाचून दाखवली, तर सगळे ऐंशीच्या वर गेले. मला आनंद झाला. वास्तविक तेव्हाच कळायला हवं होतं. पोहे खाऊन बहिणीच्या लेकीसमोर कोण म्हणणार किचकट आहे म्हणून?

तीन आठवड्यांनी सर्व्हर उघडला. नोंदी करणारे दोघे. एक मामा, दुसरे माझ्या विद्यार्थ्याचे वडील.

दुसरी फेरी. लॅपटॉप सांगलीत ठेवला आणि बागेत जाऊन नुसती बसले. फवारणी चालू असताना फोन कुणाच्याच हातात नसतो, हात औषधाचे असतात. फोन शेडच्या खुंटीला पिशवीत, नाहीतर घरी. नोंद होते रात्री. तीसुद्धा मालक करत नाही. मामी विचारते, "आज काय मारलं?" मामा झोपेत म्हणतो, "ते पिवळ्या पुडीतलं." मामी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते. जिच्यासाठी साधन करायला हवं होतं, ती त्या नऊ जणांत नव्हतीच. ती पोहे करत होती.

दुसरी गोष्ट तर घरची असून मला दिसली नव्हती. बागेत तारीख कुणी बोलत नाही. "आज कितवा?" "बेचाळिसावा." छाटणीपासून कितवा दिवस, हेच कॅलेंडर. प्रत्येक प्लॉटची छाटणी वेगळ्या दिवशी, म्हणून एकाच घरात एकाच दिवशी बेचाळिसावाही असतो आणि एकतिसावाही. सल्लागाराचं शेड्यूल, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), विरळणी, सगळं त्या मोजणीवर. माझं सुंदर कॅलेंडर काढून टाकलं. प्लॉटची छाटणी एकदा टाकायची, पुढं दिवस आपोआप. औषधाच्या लेबलचा फोटो, बाकी बोलून सांगायचं.

हे चाललं. नोव्हेंबरात पाऊस लागेपर्यंत. एक दिवसाआड, कधी रोज फवारणी सुरू झाली आणि नोंदी एकदम बंद. म्हणजे ज्या दिवसांत नोंद सगळ्यात महत्त्वाची, नेमक्या त्याच दिवसांत वही कोरी.

तिसरी फेरी. मामीला विचारलं, "कॅलेंडरवर तरी का लिहितेस?" ती म्हणाली, "माल कधी तोडायचा ते व्यापाऱ्याला सांगाय लागतंय की." बस्स. तोपर्यंत माझा प्रश्न होता 'नोंद सोपी कशी करू'. त्यांचा प्रश्न होता 'तोडायला कधी मोकळी'. तिसऱ्या आवृत्तीत सगळ्यात वर मोठ्या अक्षरात एकच ओळ: हा प्लॉट अमुक तारखेच्या आधी तोडू नका. प्रत्येक फवारणीचा दिवस अधिक तिचा कालावधी, त्यात जी सगळ्यात उशिराची तारीख ती. शिवाय मारायच्या आधी विचारता येतं, हे आज मारलं तर ती तारीख पुढं जाईल का? विचारलं आणि नंतर 'मारलं' म्हटलं की नोंद होऊनच जाते.

आता अडचण. मागच्या महिन्यात कामाचं सादरीकरण झालं. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "ॲप चांगलं आहे, पण यात संशोधन कुठंय? आणि पहिल्या दोन फसलेल्या फेऱ्या प्रबंधात कशाला?" मी जे उत्तर दिलं ते मलाच पटलं नाही. तर दोन प्रश्न. एक, तुम्ही काय उत्तर दिलं असतं? दोन, हंगाम वर्षातून एकदाच येतो, तिसऱ्या आवृत्तीचं मूल्यमापन तोवर करायचं कसं?

---

कोडगा | रविवार, रात्री ११:०५

ताई, राग मानू नका, मी मूळचा मिरजेचा, सध्या पुण्यात कोड पाडतो. हे आम्ही रोज करतो. दोन आठवड्यांचा स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक टप्पा, डेमो, शिव्या, परत स्प्रिंट. आम्हाला कुणी डॉक्टरेट देत नाही, अप्रेझलमध्येसुद्धा काही देत नाहीत. परीक्षकांचं चुकलं कुठं?

मामींचा भाग मात्र जबरी.

---

भडंगप्रेमी | रविवार, रात्री ११:३१

वाचनखूण साठवली. पण नऊ जणांवर पीएचडी? आमच्या सोसायटीच्या मीटिंगला जास्त माणसं असतात.

---

विश्रामबागवाले | सोमवार, सकाळी ६:५०

निवृत्त मास्तर आहे, सवयीनं लांब लिहितो.

कोडगा यांचा आक्षेप नवा नाही. हर्बर्ट सायमन यांनी १९६९ साली माणसानं घडवलेल्या वस्तूंचंही शास्त्र असू शकतं हा विचार मांडला, तेव्हापासून तो विचारला जातो. माहिती तंत्रज्ञानात त्याला नीट चौकट दिली ती हेवनर, मार्च, पार्क आणि राम यांच्या २००४ च्या लेखानं. पुढं ग्रेगर आणि हेवनर यांनी २०१३ साली अशा कामाचे चार कप्पे पाडले. जुना प्रश्न आणि जुनंच उत्तर, हे नेहमीचं काम, त्याला संशोधन म्हणू नका, असं ते स्वच्छ सांगतात. म्हणजे परीक्षकांनी विचारलं ते रास्तच. बाकीचे तीन कप्पे असे: जुन्या प्रश्नाला अधिक चांगलं उत्तर, दुसऱ्या क्षेत्रातलं उत्तर नव्या प्रश्नाला लावणं, आणि दोन्ही नवं. येरळाकाठ, तुम्ही कुठल्या कप्प्यात बसता ते तुम्हाला दाखवावं लागेल. ॲपचे स्क्रीन दाखवून ते सिद्ध होत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर असं म्हटलं असतं: उद्या हे ॲप बंद पडलं, सर्व्हर बुडाला, तर मागं काय उरेल? कोडगा यांच्या कंपनीत काही उरलं नाही तरी चालतं, ग्राहकानं पैसे दिले की काम संपलं. संशोधनात मात्र उरायला पाहिजे. मार्च आणि स्मिथ यांनी १९९५ सालीच सांगून ठेवलंय की या कामातून चार प्रकारची निर्मिती होते. शब्द आणि संकल्पना, त्यांची मांडणी, पद्धत, आणि सगळ्यात शेवटी चालणारी वस्तू. तुम्ही चौथीच दाखवत बसलात. 'छाटणीपासून कितवा दिवस' हे काळ मोजायचं एकक तुमच्या हाती लागलं, ते पहिल्या प्रकारातलं. नाशिकच्या कुणीही उद्या वेगळं साधन बनवलं तरी ते त्याच्या कामाला येईल.

आणि फसलेल्या फेऱ्या काढून टाकल्यात तर हे एकक आलं कुठून, हे सांगणार कसं? पेफर्स आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या सहा पायऱ्यांच्या आकृतीत मूल्यमापनाकडून मागं जाणारे बाण दाखवलेले आहेत. ते शोभेला नाहीत. चौदा रकान्यांचं प्रकरण पूर्ण छापा. सगळ्यांना पाच देणारे ते तिघे तर आधी छापा.

---

कोडगा | सोमवार, सकाळी ९:२०

सर, 'मागं काय उरेल' हे पटलं. आमच्याकडं मागं फक्त जुने टिकेट (तक्रारींच्या नोंदी) उरतात.

तरी एक शंका. मामींनी तिसऱ्या आवृत्तीत नोंदी केल्या असतील, पण त्या भाचीवर माया म्हणून नाहीत कशावरून? दुसरा गट हवा ना, ज्यांच्याकडं ॲप नाही असा?

---

येरळाकाठ | सोमवार, दुपारी १:४०

@कोडगा, माया आहेच. ती मोजायचं एकक अजून सापडलं नाही. :) म्हणून तिसऱ्या फेरीत मी 'आवडलं का' विचारणं सोडून दिलं. प्रश्नावलीच नाही. फक्त बघायचं की पावसाच्या आठवड्यात वही कोरी राहते का, आणि कॅलेंडरवर लिहिणं थांबलं का. मामीनं भिंतीवर लिहायचं सोडलं, तर मी जिंकले. तिनं दोन्हीकडं लिहिलं, तर मी तिचं काम वाढवलं. (सध्या ती दोन्हीकडं लिहिते. खरं तेच सांगते.)

@भडंगप्रेमी, नऊ जण कमी आहेत, कबूल.

@विश्रामबागवाले सर, दंडवत. हे परीक्षेच्या आधी का नाही भेटलात?

---

विश्रामबागवाले | सोमवार, दुपारी ३:०५

नऊ कमी की पुरे, हे कशासाठी त्यावर आहे. साधनातल्या त्रुटी शोधायच्या असतील तर पाच जणही बरंच काही दाखवतात, निल्सन आणि लँडावर यांचा १९९३ चा हिशोब आहे. पण 'यामुळं अंशांची भानगड कमी झाली' असं म्हणायचं असेल तर नऊ काहीच नाहीत, आणि कोडगा म्हणतात तसा दुसरा गट लागेल. लोक पहिला हिशोब दाखवून दुसरा दावा करतात. तेवढं करू नका.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. व्हेनेबल, प्रिस-हेये आणि बास्करव्हिल यांची २०१६ ची मांडणी पाहा. मूल्यमापन साधन सुधारण्यासाठी की त्याचा निकाल लावण्यासाठी, ही एक रेघ. मुद्दाम मांडलेल्या परिस्थितीत की खऱ्या, ही दुसरी. तुम्ही खऱ्या बागेतल्या निकालाचीच वाट बघत बसला आहात. मांडलेल्या परिस्थितीत सुधारण्यासाठीचं मूल्यमापन आज, ऑगस्टातही करता येतं.

---

कोडगा | सोमवार, दुपारी ३:३०

अरे हो! बॅकटेस्ट! ताई, मामींची मागच्या वर्षांची भिंतीवरची कॅलेंडरं ठेवलीत का? ती सगळी जशीच्या तशी साधनात भरा, रोजची रोज, जणू हंगाम चालू आहे. आणि बघा, साधनानं काढलेली तोडणीची तारीख आणि खरी तोडणी जुळते का. जिथं जुळत नाही तिथं एकतर साधन चुकलंय नाहीतर मामा. दोन्हीही प्रबंधात जातं.

मोफत सल्ला. एक किलो सोनाका द्राक्षं पाठवून द्या.

---

तंतुवाद्य | सोमवार, रात्री ८:४८

मी यातलं काही शिकलेलो नाही. मिरजेत सतारीचं काम चालतं त्या गल्लीत वाढलो, म्हणून राहवलं नाही.

जवारी, म्हणजे तारेचा झणकार, काढताना कारागीर घोडीचा (तारा टेकतात त्या पट्टीचा) माथा कानसेनं जरासा घासतो, तार बसवतो, छेडतो, ऐकतो, उतरवतो, परत घासतो. किती वेळा ते तोही सांगू शकत नाही. माझ्या लहानपणी एक चाचा होते, ते कधीकधी घोडी जास्त घासून बसायचे आणि मग ती फेकायचे नाहीत, खुंटीला अडकवून ठेवायचे. विचारलं तर म्हणायचे, "हिनं मला काय शिकवलं ते विसरायला नको." तुमच्या चौदा रकान्यांचं वाचून तीच खुंटी आठवली.

फरक एक आहे. चाचा स्वतः ऐकायचे, आणि शेवटी वाजवणाराही ऐकायचा. वाजवणाऱ्याला खुली जवारी आवडते का बंद, त्यावर सगळं. चाचांचा कान कितीही तयार असला तरी घेणारा म्हणाला 'नको', की परत कानस.

अवांतर झालं असेल तर माफी.

---

भडंगप्रेमी | सोमवार, रात्री ९:१५

अवांतर कसलं, धाग्यातला सगळ्यात चांगला प्रतिसाद.

---

बेदाणा_शेठ | मंगळवार, पहाटे ५:३५

सगळं वाचलं. लय भारी लिवलंय. मी तासगाव तालुक्यातला, साडेचार एकर बाग, तीन प्लॉट. शेड बी हाय. निर्यातीचं जमलं नाही की बेदाणा करायचा, चार किलोचा एक किलो.

पर ताई, एक गोष्ट तुमच्या साधनात बसत न्हाई. माझा फवारायचा ब्लोअर सहाशे लिटरचा. वरच्या प्लॉटला पाचशे लागतंय. उरलेल्या शंभर लिटरचं तुम्ही काय करता? ओतून देता? औषध काय फुकट हाय? आम्ही ते खालच्या प्लॉटच्या कडंच्या चार-पाच ओळींवर मारून मोकळं होतो. वहीत वरचाच प्लॉट लिवायचा. आन खालच्या प्लॉटची छाटणी बारा दिस आधीची, म्हणजे तोडणी बी आधी.

आता तुमची ती मोठी ओळ काय सांगनार? खालचा प्लॉट मोकळा. आन नमुना घ्यायला आलेल्या मानसानं कडंच्याच ओळीतला घड तोडला तर?

ते जुनं कॅलेंडर भरून बघायचं म्हनताय ना, त्यात बी हे घावायचं न्हाई. कारन ते कुनी लिवलेलंच न्हाई.

---

कोडगा | मंगळवार, सकाळी ८:१०

...आणि माझी बॅकटेस्ट गेली खड्ड्यात. शेठ, तुम्ही क्यूएला, म्हणजे चुका शोधायच्या खात्यात, या आमच्याकडं.

---

येरळाकाठ | मंगळवार, सकाळी ९:०२

हे वाचून लगेच मामाला फोन लावला. तो म्हणाला, "अगं ते सगळेच करतात. तू कधी विचारलंस?"

विचारलं नाही. दोन हंगाम बागेत बसले, पण फवारणी सुरू व्हायच्या वेळी जायचे आणि संपत आली की मामीबरोबर घरी यायचे. शेवटचे शंभर लिटर मी कधी बघितलेच नाहीत.

माझ्या मांडणीत फवारणी ही एका प्लॉटच्या पोटात आहे. एक प्लॉट, त्याखाली त्याच्या फवारण्या. शेठ म्हणतात त्यात टँक वर यायला पाहिजे आणि त्याखाली तो कुठंकुठं रिकामा झाला ते. स्क्रीनवर एक बटण वाढवून हे भागणार नाही, सगळं मुळापासून उलटं करावं लागेल. सर, हे तुमच्या चारांतलं दुसरं ना? मांडणी?

आणि मामीचा काय दोष, तिला कोण सांगणार उरलेलं कुठं मारलं ते. 'आज काय मारलं' या प्रश्नाचं उत्तर ती बरोबरच लिहीत होती.

---

विश्रामबागवाले | मंगळवार, सकाळी ९:४०

दुसरंच. आणि ही चौथी फेरी. परीक्षकांना कळवा, प्रबंध लांबला.

मला एक विचारायचं आहे, शेठ. उरलेलं नेहमी त्याच दिवशी मारता, की दुसऱ्या दिवशीसाठी ठेवता? तारखेचा हिशोब त्यावर बदलेल.

---

बेदाणा_शेठ | मंगळवार, दुपारी १२:२०

औषधावर हाय. सध्या पावसाळा, बोर्डोच चालूय, मोरचूद-चुना. ते तर केल्या दिवशीच संपवाय लागतंय, ठेवून चालत न्हाई. म्हनून आता तर टँक रोजच कुठं ना कुठं रिकामा करतोय. बाकीचं काय काय जन ठेवत्यात, ठेवू ने पर ठेवत्यात.

ताई, बघायचं असंल तर रविवारी या. मामींना बी घेऊन या, आमच्या मंडळी बी वही लिवत्यात, त्यांचं त्यांना बोलू द्या. पर सकाळी सहाला या. नऊला आला तर टँक धुऊन पालथा घातलेला असतोय.

---

येरळाकाठ | मंगळवार, दुपारी १२:४१

सहाला येते. पोहे मी आणते, आणि या वेळी मामीला करायला लावत नाही.